गैरअर्जदार क्रमांक एक

ज्या पिक्चरपायी मी माझा जिवाभावाचा दोस्त घालवला, तो पिक्चर तसा बरा होता. लई भारी नाही, अगदी टाकाऊ नाही, बरा. हेच मला जास्त लागतं. भंगार निघाला असता तर छाती काढून म्हटलं असतं, बघा, मी आधीपासून बोंबलत होतो. उत्तम निघाला असता तर स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली असती आणि मोकळा झालो असतो. बरा निघाला. त्याचं काय करायचं असतं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

मी महांतेश. लातूरला गंजगोलाईत आमचं भांड्यांचं दुकान आहे. वय अठ्ठावीस, लग्न झालेलं, गल्ल्यावर वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या शेजारी बसतो आणि गिऱ्हाईक नसलं की काउंटरखाली मोबाइल धरून 'सात वेशी' खेळतो. अप्पांच्या मते हे येड्याचं लक्षण आहे. अप्पांचं सहसा चुकत नाही.

'सात वेशी' ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सात गावं, प्रत्येक गावाला एक वेस, आणि त्या वेशी राखणारा एक माणूस. त्याला नाव नाही. तो बोलत नाही. खांद्यावर घोंगडी, हातात घुंगरांची काठी, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली चांदीची एक डबी. ती डबी अख्ख्या गेममध्ये एकदाही उघडत नाही. तुम्ही हरलात की तो खाली बसतो, डबी मुठीत धरतो आणि डोळे मिटतो. बस, एवढंच. पण पहिल्यांदा हरलो तेव्हा मी तोंड फिरवून डोळे पुसले होते, हे मी आजही कबूल करतो.

हा दोघांनी मिळून खेळायचा खेळ. एकजण वेशीच्या आत, दुसरा बाहेर. आतल्याला बाहेरचं दिसत नाही आणि बाहेरच्याला आतलं. एकमेकांना सांगत राहायचं आणि दुसरा सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा. माझा दुसरा म्हणजे धम्मानंद. हदगावचा. नांदेडला पॉलिटेक्निकला आम्ही एका खोलीत तीन वर्षं काढली, दोन जुन्या लॅपटॉपवर हा गेम खेळून त्यांची बटणं झिजवली आणि दोघंही एकाच विषयात नापास झालो.

आमच्यात भांडण एकच होतं. आम्ही लिंगायत. घरात मूल जन्मलं की त्याच्या गळ्यात इष्टलिंग येतं, आणि ते ठेवायला अशीच चांदीची डबी असते. त्यामुळे पहिल्याच दिवशी मी ओरडलो होतो, "अरे, हा तर आमचा मानूस!"

धम्मानंद हसला. "लेका, येस राखायला तुमचे लोक कवा बसत होते? आमचा पणजा येसकर होता. ती काठी बघ की त्याच्या हातातली. अशीच काठी आमच्या घरी आढ्याला खोचलेली होती, मी पाहेलाय."

मग आम्ही त्या बिचाऱ्याची वाटणी केली. डबी माझी, काठी त्याची, घोंगडी दोघांत. हसत हसत केलेली वाटणी होती ती. त्या वयात असलं काहीही हसत हसत करता येतं.

पुढे मी दुकानात बसलो आणि धम्मानंद हैदराबादला गेला. पिक्चरसाठी लागणारे कपडे, हत्यारं, दागिने, जुनी भांडी बनवणाऱ्या एका ठिकाणी त्याला काम मिळालं. हाताचा फार पक्का माणूस. 'सात वेशी'वर पिक्चर निघणार अशी बातमी आली आणि महिन्याभरात त्याचा फोन आला. 

"महांतेश, आपला गेम हाय रे. मला घेतलेत. कपडे आन सामानाच्या खात्यात. आन ऐक, पिक्चरच्या शेवटी सगळ्यांची नावं येतेत की न्हाई, त्यात माझं नाव येणार हाय."

"पार्टी!" मी म्हणालो.

"पार्टी दे की मंग. मायला टाकीजमधी नेतो. तिला इंग्रजी वाचता येत न्हाई, मी बोटानं दाखवतो. म्हणतो, ते बघ माय, ते मी हाय."

साखराबाई, त्याची आई, लोकांच्या रानात मजुरीला जाऊन हे पोरगं शिकवलेली बाई. मी कॉलेजात असताना तिच्या हातच्या ज्वारीच्या भाकरी किती खाल्ल्या असतील, मोजदाद नाही. धम्मानंदला त्या पिक्चरमधून बाकी काही नको होतं. तिला ते एक नाव दाखवायचं होतं.

त्यानं मला त्याच्या खात्यातल्या लोकांचा एक फोटोही पाठवला. अकरा जण, कडेला हा, हातात ती काठी घेऊन. खाली लिहिलं होतं, "कोनाला दाखवू नको. कामाचं काही बाहेर सांगायचं न्हाई म्हून सही करून दिलीय."

मग ट्रेलर आला. दोन मिनिटं दहा सेकंद. मी तो पहिल्यांदा पाहिला, दुसऱ्यांदा पाहिला, मग थांबवून थांबवून पाहिला. घोंगडी होती, काठी होती, वेस तर इतकी हुबेहूब की अंगावर काटा आला. पण गळा मोकळा. डबी नाही.

तुम्हाला हसू येईल. या, हसा. पण दहा वर्षं मी माझ्या डोक्यात हा पिक्चर चालवत होतो. कुठल्या वेशीला पाऊस पडेल, तो खाली बसेल तेव्हा मागं वाजणारं संगीत कसं थांबेल, सगळं ठरलेलं. आपण ज्या गोष्टीवर प्रेम करतो ती आपली आहे असं वाटायला लागतं, आणि एकदा तसं वाटलं की माणूस वतनदारासारखा वागतो. मीही तसाच वागलो. 'सात वेशी मराठवाडा' नावाचा आमचा ग्रुप होता, हजारावर पोरं, अ‍ॅडमिन मी. तासाभरात तिथं शिमगा सुरू झाला होता.

मी धम्मानंदला फोन लावला. "डबी कुठाय?"

त्यानं अप्पांची तब्येत विचारली.

"काढली का न्हाई ते सांग फकस्त."

"महांतेश, मला बोलता येत न्हाई. तुला सांगितलं न मी, सही दिलीय. तू पिक्चर बघ आधी."

"काठी बरी ठेवलास. तुझी काठी ऱ्हायली आन माझी डबी गेली, व्हय?"

"असं काय बोलून राहिलास? पिक्चर बघ म्हणतो न मी."

"इकला गेलास तू," मी म्हणालो आणि फोन कापला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

संगप्पा माझ्या आत्याचा मुलगा. त्याची एक युवक संघटना आहे. तिचं लेटरपॅड आहे, शिक्का आहे, आणि चौकात बॅनर लागलं की त्यावर याचा गॉगल घातलेला फोटो असतो. गेम त्यानं आयुष्यात खेळलेला नाही. पण दुकानात आला, माझं तोंड पाहिलं, विचारलं, मी सांगितलं.

"गळ्यातली डबी काढली?" तो ताठ बसला. "आपली डबी?"

गेममध्ये कुठंही लिहिलेलं नाही की ती आमची आहे. ती कुणाची आहे आणि तिच्यात काय आहे, हे मुद्दामच सांगितलेलं नाही. म्हणून तर मराठवाड्यातल्या हजार पोरांना ती हजार प्रकारची वाटत होती. हे मला त्या क्षणी पक्कं ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, "हाव. आपली."

आमच्याकडे लोकांना काही खुपलं की ते तहसीलला जातात. रस्ता खराब झाला, पीकविमा अडला, सासू भांडली, चला तहसीलला. पिक्चरमधल्या माणसाच्या गळ्यात डबी नाही म्हणून तहसीलला जाणारे मात्र आम्हीच पहिले असू. तहसीलबाहेर पत्र्याच्या शेडात भुजंग बसतो. अर्ज टाइप करून देणं हे त्याचं काम, वीस वर्षं तेच करतो. पन्नाशीचा, चष्मा कपाळावर, बोटं कीबोर्डवर न बघता चालतात.

"निवेदन लिहा," मी म्हणालो.

"निवेदनानं काय हुतंय?" भुजंग म्हणाला. "निवेदनावर शिक्का मारतेत आन गठ्ठ्यात ठेवतेत. तक्रारी अर्ज करा." आणि त्यानं त्याचा ठरलेला नमुना उघडला. वर अर्जदार, खाली ज्याच्याविरुद्ध अर्ज तो गैरअर्जदार, मग विषय. अर्जदारात माझं नाव आणि संगप्पाचं नाव टाकून झालं. भुजंगची बोटं थांबली.

"गैरअर्जदार कोण?"

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. पिक्चर काढणारी कंपनी हैदराबादची. तिचं नाव इंग्रजीत, स्पेलिंग दोघांनाही येईना, पत्ता तर माहीतच नाही.

"कंपनी म्हून लिहा," संगप्पा म्हणाला.

"कंपनीला काय हात पाय हायेत का? मानूस सांगा. गाव, तालुका, जिल्हा. गैरअर्जदाराबिगर अर्ज म्हंजे नवरदेवाबिगर वरात. घेत न्हाईत."

संगप्पा माझ्याकडं वळला. "तुझा तो दोस्त हाय की त्यात. नांदेडकडचा. तेच्याकडंच हाय न कपड्याचं खातं?"

इथं मला थांबता आलं असतं. चहा प्यायला उठता आलं असतं. त्या अख्ख्या पिक्चरमधल्या शेकडो माणसांपैकी आम्हाला नाव, गाव, तालुका, जिल्हा ठाऊक असलेला माणूस एकच होता, आणि तो माझा दोस्त होता. मी खिशातून मोबाइल काढला आणि फोटो दाखवला.

भुजंगनं टाइप केलं. गैरअर्जदार क्रमांक एक, धम्मानंद, राहणार हदगाव, जिल्हा नांदेड. पुढचा मजकूर त्याच्या नमुन्यात तयारच होता, त्यानं फक्त जागा भरल्या. "सदर इसमाने जाणीवपूर्वक व हेतुपुरस्सर आमच्या समाजाच्या भावना दुखावल्या असून त्याच्यावर कठोर कारवाई व्हावी." मी वाचलं. दोनदा वाचलं. माझ्या वडिलांचं नाव चुकलं होतं, तेवढं दुरुस्त करून घेतलं. मग सही केली.

मला वाटलं, कागदच तो. तहसीलमध्ये असे हजार कागद धूळ खात पडलेले असतात. पण संगप्पानं तो नुसता दिला नाही. गेटबाहेर दहा पोरं उभी करून, हात वर करून, मोबाइलसमोर खणखणीत आवाजात वाचला. नाव दोनदा वाचलं.

धम्मानंद या नावाबद्दल कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. आमच्या भागात नाव ऐकलं की माणूस गावाच्या कुठल्या अंगाला राहतो ते लोकांना कळतं. पहिल्या दिवशी लोक डबीबद्दल बोलत होते. दुसऱ्या दिवशी त्याच्याबद्दल. तिसऱ्या दिवशी त्याच्या सगळ्या लोकांबद्दल, आणि काय काय ते मी इथं लिहिणार नाही. गेम, डबी, वेस, सगळं बाजूला राहिलं. माझ्याच ग्रुपमध्ये हे चाललं होतं. मी एकदा लिहिलं, "कृपया जातीवर जाऊ नये," आणि खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं. अ‍ॅडमिन होतो. ते सगळं पुसून टाकायला, ग्रुप बंद करायला, "हा माझा दोस्त आहे" एवढी एक ओळ लिहायला बोट लागत होतं फक्त. मी भ्यालो. आपल्याच लोकांत वाईट व्हायला भ्यालो.

"तुम्ही ज्याला शिव्या घालून राहिलाव," स्वप्नाली, माझी बायको, भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्यो आपल्या लग्नात पंगतीत वाढत होता न?"

"मी कुठं शिव्या घातल्या?" मी म्हणालो. तिनं मान वर केली नाही.

हदगावात पाच-सहा जण त्याच्या दारात जाऊन बसले, पोराला बोलवा म्हणाले, खुलासा पाहिजे म्हणाले. साखराबाई घरात एकटी होती. कंपनीनं धम्मानंदला सांगितलं, वातावरण निवळेपर्यंत घरी बस. हे मला त्यानं नाही सांगितलं. कॉलेजातल्या दुसऱ्या एकानं सांगितलं. मी धम्मानंदला फोन लावला, त्यानं उचलला नाही, आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

पिक्चर डिसेंबरात लागला. दुपारच्या शोला मी आणि स्वप्नाली गेलो. संगप्पाकडचं कुणी फिरकलं नव्हतं, त्याला तोवर दुसरं आंदोलन मिळालं होतं. अर्ध्या-पाऊण तासानं तिसऱ्या वेशीचा प्रसंग आला. एक म्हातारी दार लोटून बाहेर येते, पदराची गाठ सोडते आणि राखणदाराच्या गळ्यात काळ्या दोऱ्यातली चांदीची डबी घालते. पोरांनी शिट्ट्या मारल्या. डबीला एका बाजूनं बारीक पोचा होता, गेममध्ये आहे तसाच. पुढं शेवटपर्यंत ती त्याच्या गळ्यात होती आणि कुणी ती उघडली नाही. ट्रेलर त्या आधीच्या भागाचा कापलेला होता, एवढंच. मी साप साप म्हणून भुई धोपटली होती, आणि भुई माझ्या दोस्ताची पाठ होती.

पिक्चर संपला. लोक उठले. स्वप्नाली उठली, मी तिला हात धरून बसवलं. पडद्यावर नावं वर सरकायला लागली. आधी मोठ्यांची, मग बारक्यांची. झाडणारा माणूस आमच्या पायाशी येऊन थांबला. कपडे आणि सामानाचं खातं आलं. मी मोठ्यानं वाचत गेलो. दहा नावं होती. फोटोत अकरा जण होते.

"आसंल खाली कुठंतरी," स्वप्नाली म्हणाली. पडदा पांढरा होईपर्यंत आम्ही बसलो. कुठंही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी हदगावला गेलो. लातूरहून नांदेड, नांदेडहून दुसरी गाडी, अर्धापूरच्या केळीच्या बागा, मग दोन्ही बाजूंना कापूस. वाटेत काय बोलायचं ते दहा वेळा ठरवलं. दार धम्मानंदनंच उघडलं. वाळला होता. माझ्याकडं थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाला, "ये."

बसलो. त्यानं पाणी दिलं. मी सुरुवात करणार इतक्यात साखराबाई वेचणीवरून आली. डोक्याला बांधलेल्या फडक्यावर कापसाचे तंतू चिकटलेले. मला पाहून तिचा चेहरा फुलला.

"आगं माय! महांतेश बाबा! किती दिसानं रे. लातूरहून आलास? बस बस, च्या ठिवते."

चहा ठेवता ठेवता ती बोलत राहिली. "कोनी अर्ज केला म्हनं रे आमच्या धम्मावर. दारात मानसं येऊन बसली. मी एकली, हातपाय कापून राहिले माझे. त्या अर्ज करनाराचं आमी काय घोडं मारलं होतं, सांग बरं?"

मी धम्मानंदकडं पाहिलं. तो जमिनीकडं बघत होता. अर्ज कुणाचा, हे त्यानं तिला सांगितलेलं नव्हतं. मी लातूरहून सांगायला आलो होतो ते सगळं बाजूला ठेवून मी पुन्हा पाणी प्यायलो. ती कपात चहा ओतत होती, मला जास्त, त्याला कमी.

"तू पाह्यलास का रे पिक्चर?" तिनं विचारलं. "हितं हदगावात लागलाच न्हाई म्हनतो ह्यो. याचं नाव आलं का पडद्यावर?"

मी काय करायला पाहिजे होतं, ते आजही मला माहीत नाही. मी म्हणालो, "हाव माय. आलं. चांगलं ठळक आलं."

साखराबाईनं पदर तोंडाला लावला.  मग उठून माझ्या डोक्यावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

धम्मानंद मला स्टँडवर सोडायला आला.  बाजाराच्या कोपऱ्यावर तो थांबला.

"एक सांग. सही करायच्या आधी वाचला होतास का अर्ज?"

न वाचता केली म्हणालो असतो तर त्यानं मानलं असतं. मानायचंच ठरवून तो विचारत होता, असं मला वाटलं. पण मी तिच्यासमोर नुकताच एक खोटं बोलून आलो होतो. "वाचला होता," मी म्हणालो. "दोनदा."

त्यानं मान हलवली. स्टँडच्या दिशेनं चालायला लागला. मी मागून.

"धम्मा, चुकलो रे मी. लई मोठं चुकलो."

"मायला कामून सांगितलास नाव आलं म्हून?"

"तिला वाईट वाटू ने म्हून."

"आठ दिवसांपासून मी जमवून राहिलो होतो तिला कसं सांगावं. आज सांगणार होतो." त्याचा आवाज चढला नाही. "आता उद्या वेचणीत ती सगळ्या बायांना सांगंल. मंग मला म्हणंल, चल नांदेडला, बोटानं दाखव. मी काय दाखवू, महांतेश?"

मी स्टँडकडं बघत चालत राहिलो.

"अर्जात माझं नाव घातलास, मला इचारला न्हाईस. पडद्यावर घातलास, तवाबी इचारला न्हाईस."

"मी आत्ता परत येतो. मायला खरं सांगतो. अर्ज माझाच हाय हेबी सांगतो."

"नको." तो पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघून बोलला. "तू आता आमच्या घरात काही सांगू नको."

नांदेडची गाडी लागली होती. तो म्हणाला, चढ, जागा मिळंल. मी चढलो.